राजाविना दरबार

केसलापूरला दरबार भरतो तेव्हा मध्यभागी राजा नसतो. पौष अमावास्येच्या रात्री नागोबाची महापूजा होते आणि जत्रेतल्या एका ठरलेल्या दिवशी जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, आमदार, कधी मंत्रीही या लहानशा गावी येऊन बसतात. त्यांच्यासमोर मेश्राम कुळातले वडीलधारे असतात, डोंगरातल्या गावांचे गोंड पटेल असतात आणि हातात अर्ज घेतलेली शेकडो माणसे असतात. कुणाचा जमिनीचा पट्टा अडकलेला, कुणाच्या पाड्याला रस्ता नाही, कुठे शाळा आहे पण शिक्षक नाही. एरवी ही माणसे सरकारी कचेरीच्या व्हरांड्यात ताटकळत उभी असतात. त्या दिवशी कचेरीच त्यांच्या देवाच्या दारी येते.

केसलापूर तेलंगणच्या आदिलाबाद जिल्ह्यात, इंद्रवेल्ली मंडलात आहे. तिथून आदिलाबाद शहर मागे टाकून वायव्येला पैनगंगेच्या दिशेने निघाले की तामसीचा मुलूख लागतो. कापूस आणि तुरीची काळी जमीन, नदीपलीकडे महाराष्ट्र. टिपेश्वरच्या जंगलातला वाघ नदी ओलांडून या बाजूच्या शिवारात येतो, त्याला राज्याची हद्द ठाऊक नसते. माणसांचेही पुष्कळसे तसेच आहे. घरात मराठी, कचेरीत तेलुगू आणि बाजारात भेटलेल्या गोंड शेतकऱ्याशी दोन्हींची सरमिसळ, अशी इथली बोलण्याची रीत. लग्नाच्या सोयरिकी किनवट, घाटंजी, पांढरकवड्यापर्यंत जातात. या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी माणसाने गोंडांचा पटेल पाहिलेला असतो, दिवाळीत मोरपिसांचे टोप घालून गावोगाव फिरणारे गुसाडी पाहिलेले असतात, नागोबाच्या जत्रेत मुलांना नेलेले असते. मात्र या साऱ्यामागे सत्तेची एक जुनी व्यवस्था उभी आहे आणि तिच्यापुढे आज एक अवघड प्रश्न आहे, याचा विचार आपण फारसा करत नाही.

प्रश्न असा आहे. जन्माने किंवा कुळाने मिळणारा मान, परंपरेने चालत आलेली गादी, पटेलकी, राजेपण यांना संविधान मानणाऱ्या, मत देणाऱ्या समाजात जागा आहे का? आफ्रिका खंडात हा प्रश्न आज मोठ्याने विचारला जातो. घाना, युगांडा, दक्षिण आफ्रिका, नायजेरिया या प्रजासत्ताकांमध्ये आजही राजे आहेत आणि त्यांचे काय करायचे यावर तिथली न्यायालये, संसदा आणि रस्त्यावरची माणसे भांडत असतात. आपण भारतात तो प्रश्न १९७१ साली निकालात काढला, असे समजतो. सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि मान्यता रद्द झाल्या आणि पुस्तकातले पान उलटले. परंतु गोंडवनातल्या राजांची आणि पटेलांची गोष्ट त्या पानावर कधी लिहिलेलीच नव्हती.

चांद्याची गादी, गावचा पटेल

गोंडांचे राज्य ही दंतकथा नाही. परंपरा सांगते की त्यांची पहिली राजधानी सिरपूरला होती, पुढे ती बल्लारपूरला आणि मग चंद्रपूरला, म्हणजे चांद्याला, गेली. अकबराच्या काळातल्या ‘ऐन-ए-अकबरी’त चांद्याच्या बाबजी राजाची नोंद आहे. चंद्रपूरचा परकोट, अंचलेश्वराचे देऊळ आणि राणी हिराईने पती वीरशाहासाठी बांधलेली समाधी आजही उभी आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास नागपूरच्या रघुजी भोसल्यांनी नीलकंठशाहाचा पराभव केला आणि १७५१च्या सुमारास चांद्याचे राज्य संपले. ते संपवणारे राज्य मराठ्यांचे होते, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवले पाहिजे.

या राज्याची घडण समजून घेतल्याशिवाय आजचा पटेल कळत नाही. वर चांद्याचा राजा, त्याच्या खाली मुलूख सांभाळणारे मोकाशी, आणि मोकाशाच्या खाली गावोगावचे पटेल. उटनूरचा राजा हा अशाच मोकाशांपैकी एक. राजा गेला, मोकाशांची सत्ता झिजत गेली, पण पटेल राहिला. गोंड गावात पटेल एकटा नसतो. गावदेवाची पूजा करणारा देवारी, कुळाच्या पेनाची, म्हणजे देवाची, सेवा करणारा कटोडा, आणि किंगरीवर कुळाची कथा गाणारा परधान यांच्यासोबत तो असतो. गोंड समाज चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशा गटांत विभागलेला आहे, लग्न कुणाशी होऊ शकते ते त्यावरून ठरते. ही सारी माहिती कागदावर नव्हती. ती परधानाच्या गाण्यात आणि वडीलधाऱ्यांच्या बैठकीत राहत होती. पटेलाचे काम हुकूम सोडण्याचे कमी आणि ही बैठक बोलावण्याचे जास्त होते.

निजामाच्या राज्यात दुसऱ्याच जातीचा पटेल आला. माली पटेल सारा गोळा करी, पोलीस पटेल गुन्ह्याची वर्दी देई आणि पटवारी जमिनीच्या नोंदी लिही. हे पटेल सरकारचे होते आणि त्यांची पदे वंशपरंपरेने चालत. ज्याच्या हाती पटवाऱ्याची वही, त्याच्या हाती जमीन. डोंगरातल्या गोंडाला वाटे की जी जमीन आजोबांनी जंगल साफ करून कसली तिला कागद कशाला हवा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वऱ्हाडातून, नांदेडकडून आणि दक्षिणेतून शेतकरी, सावकार, व्यापारी या मुलखात उतरले. त्यांच्यात मराठी कुणबी आणि माळी होते, तेलुगू कुटुंबे होती. नव्याने आलेल्यांना कागदाची किंमत माहीत होती. राखीव जंगलाच्या खुणा रोवल्या गेल्या, काळी जमीन पट्ट्यावर चढली आणि गोंड मागे, डोंगराकडे सरकत गेले. तामसीच्या पट्ट्यातली आजची समृद्ध काळी राने पाहताना हा इतिहास विसरता येत नाही. तो कुणा एका कुटुंबाचा दोष नाही, पण त्याचे ओझे गोंडांनी उचलले आहे.

एन. टी. रामाराव यांच्या सरकारने १९८४ मध्ये पटेल-पटवाऱ्यांची वंशपरंपरागत पदे रद्द केली. महाराष्ट्राने महसुली पाटीलकी त्याआधीच, १९६२च्या कायद्याने संपवली होती. सरकारी पटेल गेल्याचे कुणाला दुःख झाले नाही. गोंड गावातला पटेल मात्र तसाच राहिला, कारण तो सरकारने दिलेला नव्हता आणि म्हणून सरकारला काढताही आला नाही. दोघांना एकच नाव होते आणि दोघेही बापाकडून मुलाकडे चालत आलेले होते. तरी एकाच्या हाती वही होती, दुसऱ्याच्या हाती फक्त गावाचा विश्वास. या लेखातला पुढचा सारा विचार या फरकावर उभा आहे.

जोडेघाटानंतर

१९४०च्या पावसाळ्याअखेर जोडेघाटच्या डोंगरात गोंडांचा नेता कुमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. त्याची मागणी बारा गावांच्या स्वशासनाची होती. भीम कुणा राजघराण्यातला नव्हता, आणि तरीही त्याच्याभोवती जमलेल्या माणसांना जे हवे होते त्याचे नाव राज्य हेच होते: आपल्या जल, जंगल, जमिनीवर आपला निर्णय चालावा. आश्विन पौर्णिमेला, म्हणजे आपल्या कोजागिरीला, जोडेघाटला त्याचे स्मरण होते. २०१६ साली जुना आदिलाबाद जिल्हा विभागला गेला तेव्हा एका नव्या जिल्ह्याला त्याचे नाव मिळाले.

भीमाच्या उठावामुळे निजाम सरकारला जाग आली. क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ महायुद्धामुळे हैदराबाद संस्थानात अडकला होता. सरकारने त्याला गोंडांमध्ये पाठवले. तो आणि त्याची पत्नी बेटी मारलवाई गावात राहिले. १९४३ मध्ये तिथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले आणि गोंडीची पहिली पाठ्यपुस्तके देवनागरीत छापली गेली, कारण लिहिण्या-वाचण्यासाठी या भागातल्या गोंडांना ओळखीची लिपी मराठीची होती. त्याच काळात हैदराबादच्या मुलकी सेवेतले सेतुमाधवराव पगडी आदिलाबादला होते. पुढे मराठ्यांच्या इतिहासाचे मोठे अभ्यासक म्हणून महाराष्ट्राने त्यांना ओळखले, पण त्याआधी त्यांनी गोंडी शिकून घेतली होती आणि आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तक लिहिले होते. प्रजेची भाषा शिकणारा अधिकारी ही त्या काळीही दुर्मिळ गोष्ट होती.

नागोबाचा दरबार हाही त्याच दशकातला. गोंड कचेरीपर्यंत येत नाहीत, तर ज्या दिवशी ते स्वतःहून हजारोंनी जमतात त्या दिवशी कचेरीने तिकडे जावे, असा तो साधा विचार. म्हणजे दरबार हे रूप जुने दिसले तरी ते काही हजार वर्षांचे नाही. ते परंपरा आणि आधुनिक शासन यांनी मिळून केलेले आहे. जत्रा मात्र मेश्राम कुळाची. मेश्राम मंडळी पायी चालत हस्तिनमडुगूला जाऊन गोदावरीचे पाणी आणतात, त्या पाण्याने देवाला स्नान घालतात. कुळात आलेल्या नव्या सुनांची देवाशी ओळख करून देण्याचा विधी, भेटिंग, याच वेळी होतो. डिसेंबर २०२२ मध्ये नागोबाच्या नव्या दगडी देवळाची प्रतिष्ठापना झाली. त्यासाठी मेश्राम कुळातल्या कुटुंबांनी वर्षानुवर्षे वर्गणी जमवली होती. कर लावण्याचा अधिकार नसलेल्या एका कुळाने हे उभे केले. परंपरेत अजून किती बळ आहे याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

आणि तरीही केसलापूरपासून जवळच इंद्रवेल्लीला स्मारकाचा स्तंभ आहे. २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीच्या प्रश्नावर सभेसाठी जमलेल्या आदिवासींवर तिथे पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृत्यूंचा आहे, लोकांच्या आठवणीतला आकडा कितीतरी मोठा. दरबार भरत होता, पट्टे मिळत नव्हते. ऐकून घेणे आणि न्याय देणे यांत किती अंतर राहू शकते ते या दोन गावांमधल्या थोड्याशा अंतराने दाखवून दिले आहे.

आफ्रिकेने दिलेली उत्तरे

आता आफ्रिकेकडे पाहू. तिथल्या राजांविषयी बोलताना पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी लागते ती ही की, तिथले सगळे राजे परंपरेतून आलेले नाहीत. इंग्रजांना थोड्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बळावर मोठे मुलूख चालवायचे होते, म्हणून त्यांनी स्थानिक प्रमुखांमार्फत राज्य केले आणि जिथे प्रमुख नव्हते तिथे ते नेमले. नायजेरियाच्या आग्नेय भागातल्या इग्बो समाजात गावसभा निर्णय घेत. तिथे इंग्रजांनी सनद देऊन प्रमुख बनवले. १९२९ साली करवसुलीच्या धास्तीने हजारो इग्बो स्त्रिया या सनदी प्रमुखांविरुद्ध उठल्या. गोळीबारात पन्नासहून अधिक जणी मारल्या गेल्या. पुढे ती सनदी व्यवस्था मोडीत काढावी लागली. आपल्याकडचा सरकारी पटेल आणि तिकडचा सनदी प्रमुख एकाच साम्राज्याच्या काळातले, एकाच गरजेतून घडलेले. लोकांचा राग परंपरेवर नव्हता, परंपरेचा वेश घातलेल्या वसुलीवर होता.

युगांडाची गोष्ट अधिक बोलकी आहे. १९६६ मध्ये मिल्टन ओबोटे यांच्या सैन्याने तिथल्या बुगांडा राज्याच्या राजवाड्यावर हल्ला केला. राजा, तिथल्या भाषेत कबाका, लंडनला पळाला आणि तिथेच वारला. १९६७च्या संविधानाने सगळी राज्ये रद्द केली. पण लोकांच्या मनातून ती गेली नाहीत. १९९३ मध्ये मुसेवेनी सरकारला ती परत आणावी लागली आणि रोनाल्ड मुतेबी यांचा राज्याभिषेक झाला. १९९५च्या संविधानाच्या २४६व्या कलमाने या राजांना मान्यता दिली आणि सोबत तीन बंधने घातली. राजाला मानायला किंवा त्याच्या खर्चाला हातभार लावायला कुणावरही सक्ती करता येणार नाही. राजाने पक्षीय राजकारणात पडायचे नाही. आणि त्याला शासनाचा किंवा कायदे करण्याचा कोणताही अधिकार नसेल. राजेपणाच्या जुन्या कल्पनेतले सगळे काढून घेऊन फक्त मान ठेवला आणि तो मानही ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोडला. हे कलम वाचताना मला केसलापूर आठवते. व्यवहारात मात्र सरकार आणि बुगांडा यांचे खटके उडतच राहिले. २००९ मध्ये कबाकाला त्याच्याच राज्यातल्या एका भागात जाण्यास अडवले तेव्हा कंपालात दंगल उसळली आणि अनेक माणसे मारली गेली. ज्याच्याकडे अधिकार नाही त्याच्यासाठी लोक रस्त्यावर आले, हेही त्या मानाचे वजन सांगते.

घानाने १९९२च्या संविधानात प्रमुखांच्या संस्थेची हमी दिली आणि त्यांना सक्रिय पक्षीय राजकारणापासून दूर ठेवले. अकान समाजात नव्या राजाचे नाव राजमाता सुचवते आणि राजा वाईट वागला तर वडीलधारी मंडळी त्याला पदावरून उतरवूही शकतात. उत्तर घानातल्या दागबोन राज्यात २००२ मध्ये गादीच्या वादातून राजाचीच हत्या झाली. सरकारी चौकशांनी तो वाद मिटला नाही. अशांटी राज्याचे राजे ओसेई टुटू दुसरे यांच्या नेतृत्वाखाली तीन ज्येष्ठ राजांची समिती वर्षानुवर्षे बसली आणि जानेवारी २०१९ मध्ये दागबोनला दोन्ही घराण्यांनी मान्य केलेला नवा राजा मिळाला. जे काम फौजेला आणि न्यायालयाला जमले नाही ते परंपरेच्या बैठकीला जमले. मलावीत थेरेसा काचिंदामोतो या स्त्रीप्रमुखाने आपल्या मुलखातले शेकडो बालविवाह मोडले, मुलींना शाळेत परत पाठवले, आणि बालविवाह होऊ देणाऱ्या हाताखालच्या प्रमुखांना पदावरून काढले. प्रमुखाचा शब्द कायद्याच्या बाजूने उभा राहिला की काय होऊ शकते, याचे हे उदाहरण.

दुसरी बाजू तितकीच खरी. दक्षिण आफ्रिकेत १९९४च्या निवडणुकीच्या तोंडावर सुमारे २८ लाख हेक्टर जमीन झुलू राजाच्या नावे एका न्यासात घातली गेली. पिढ्यान् पिढ्या तिथे राहणाऱ्या लोकांकडून पुढे भाडेकरार लिहून घेतले गेले. जून २०२१ मध्ये पीटरमारिट्झबर्गच्या उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवले आणि घेतलेले भाडे परत करायला सांगितले. एस्वातिनीत, जुन्या स्वाझीलँडमध्ये, १९७३ मध्ये राजाने संविधान गुंडाळून ठेवले, राजकीय पक्षांवर बंदी आणली. १९८६पासून गादीवर असलेल्या म्स्वाती तिसऱ्यांच्या राज्यात २०२१ मध्ये तरुण रस्त्यावर आले तेव्हा डझनावारी माणसे मारली गेली. राजाचे टीकाकार असलेले वकील थुलानी मासेको यांची जानेवारी २०२३ मध्ये घरात गोळ्या घालून हत्या झाली. जमीन, बंदूक आणि कायदा एका गादीखाली आले की परंपरा हे दडपशाहीचे पांघरूण होते.

मतपेटी आणि पेन्शन

घाना आणि युगांडाने राजाला निवडणुकीपासून दूर ठेवले. आपण तसे केले नाही. गडचिरोलीत अहेरीचे आत्राम घराणे गोंड जमीनदारांचे. अहेरीच्या दसऱ्याला दूरदूरच्या पाड्यांवरून आदिवासी येतात, राजाला भेटतात, हा त्या मुलखाचा मोठा सण आहे. याच घराण्यातले राजे विश्वेश्वरराव आत्राम १९७७ मध्ये खासदार झाले, वेगळ्या विदर्भासाठी आणि आदिवासींसाठी लढले. पुढे आमदारकी आणि मंत्रिपदेही याच घराण्यात फिरत राहिली. २०२४च्या विधानसभा निवडणुकीत धर्मरावबाबा आत्राम, त्यांची कन्या भाग्यश्री आणि पुतणे अम्ब्रीशराव हे तिघे एकाच मतदारसंघात एकमेकांविरुद्ध उभे होते. धर्मरावबाबा निवडून आले. यात बेकायदा काही नाही, आणि मतदाराने त्यांना निवडून दिले हेही खरे. पण ज्याच्या दारी दसऱ्याला नमस्कार करायला जायचे त्याच्याच विरोधात पाच वर्षांनी मत द्यायचे असेल तर गरीब माडिया गोंड शेतकऱ्याचे मन किती मोकळे राहील? आणि पराभूत राजाकडे जाणाऱ्याचे काम जिंकलेल्या राजाच्या माणसांकडून अडले तर तो कुठे जाणार? राजेपण आणि आमदारकी एकत्र आल्या की दोन्हींना उत्तर मागणे अवघड होते.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, नाशिकच्या सीमेपलीकडे गुजरातेत डांग आहे. तिथे आहव्याला दरवर्षी होळीच्या आधी डांग दरबार भरतो आणि पाच भिल्ल राजांना सरकारकडून राजकीय पेन्शन दिली जाते. त्याची मुळे १८४२च्या सुमारास इंग्रजांनी सागवानाच्या जंगलांसाठी या राजांशी केलेल्या करारात आहेत. जंगल इंग्रजांकडे गेले, मोबदल्याची रक्कम राजांकडे आली आणि ती वाटण्याचा सोहळा म्हणजे दरबार. देशातल्या साऱ्या राजांचे तनखे १९७१ मध्ये गेले, डांगच्या या राजांची पेन्शन राहिली, कारण ती मुळात जंगलाची किंमत होती. सजवलेल्या बग्गीतून राजांची मिरवणूक निघते, राज्यपाल सत्कार करतात. जंगलावरचा हक्क गेला, मिरवणूक राहिली. केसलापूर आणि आहवा या दोन दरबारांत मोठे अंतर आहे. आहव्याला राजा सरकारकडून घेतो. केसलापूरला लोक सरकारकडे मागतात.

बैठकीत कोण बोलते

परंपरेच्या बाजूने बोलणाऱ्याने एका प्रश्नाचे उत्तर आधी दिले पाहिजे: या बैठकीत बायका कुठे बसतात? गोंड पंचायतीत निर्णय पुरुष वडीलधारे घेतात, दंड ठरवतात, जातगंगेत घेणे-काढणे ठरवतात. आदिलाबादमध्ये अलीकडच्या काळात राय सेंटरांनी, म्हणजे गोंडांच्या पारंपरिक न्यायपंचायतींनी, पुन्हा बळ धरले आहे. सारमेडी, म्हणजे या सेंटरांचे प्रमुख, आणि पटेल तिथे नवरा-बायकोचे, वाटणीचे, भांडणाचे तंटे मिटवतात. पोलिसांनाही त्याचा उपयोग होतो आणि गरीब माणसाचे कोर्टाचे हेलपाटे वाचतात. ही मोठी सोय आहे. पण सोय तेव्हाच न्याय होते जेव्हा न पटणाऱ्याला उठून जाता येते. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो जातपंचायतींनी वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या दुःखातून आला. वाळीत टाकण्याची भीती असेल तर संमतीला अर्थ राहत नाही.

लेकीच्या वाट्याचेही तसेच. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, म्हणून अनेक ठिकाणी रूढीच्या नावाखाली मुलींना जमिनीत वाटा मिळत नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात निकाल दिला. धैया नावाच्या स्त्रीच्या वारसांनी आजोबांच्या जमिनीत तिचा वाटा मागितला होता. मुलींना वगळणारी रूढी सिद्ध झालेली नाही, आणि केवळ स्त्री म्हणून वाटा नाकारणे समतेच्या विरुद्ध आहे, असे न्यायालयाने म्हटले. दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाने २००८ मध्ये याच वाटेने एक पाऊल पुढे टाकले होते. लिम्पोपो प्रांतातल्या वालोयी समाजात प्रमुख १९६८ मध्ये मुलगा नसताना वारला आणि त्याच्या मुलीला, फायलिया शिलुबाना यांना, स्त्री म्हणून डावलले गेले. १९९० नंतर समाजाच्या बैठकीनेच ठराव केला की आता मुलगीही प्रमुख होऊ शकते. चुलतभावाने त्याला आव्हान दिले. न्यायालय म्हणाले, रूढी बदलण्याचा अधिकार समाजाला आहेच, आणि तो समतेच्या दिशेने वापरला तर संविधान त्याच्या पाठीशी उभे राहील. परंपरा गोठलेली नसते, ती माणसांच्या निर्णयांनी वाढते, हे त्या निकालाचे सार. आदिलाबादच्या पटेलांनी आणि सारमेडींनी हे मनावर घ्यावे असे मला कळकळीने वाटते. भेटिंगच्या विधीत सुनेची देवाशी ओळख होते. जी देवाच्या कुळात सामावली तिला कुळाच्या बैठकीत बोलण्याचा आणि माहेरच्या जमिनीत वाटा मागण्याचा हक्क का असू नये?

गावाचे सरकार

गोंडांनी राजाशिवाय राज्य चालवण्याचे एक उत्तर स्वतःच शोधले आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. देवाजी तोफा आणि त्यांच्या सोबत्यांनी दिलेली घोषणा महाराष्ट्रभर पोचली: दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू तोडण्या-विकण्याचा परवाना गावाच्या हाती आला, बायका सभेत बसू लागल्या, बोलू लागल्या. भीमाने बारा गावांसाठी जे मागितले होते त्याच्या जवळ जाणारी ही गोष्ट आहे, आणि ती गोळी न झाडता, कायद्याचा आधार घेऊन घडली. १९९६च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला आपल्या रूढी आणि तंटे मिटवण्याच्या पारंपरिक पद्धती जपण्याचा अधिकार दिलाच आहे. म्हणजे परंपरेची जागा कायद्याने गादीत ठेवलेली नाही, सभेत ठेवलेली आहे.

मग पटेलाचे, राजाचे काय? माझे उत्तर स्पष्ट आहे. त्यांना जागा आहे आणि ती जपली पाहिजे, पण काही अटींवर. त्यांच्या हाती जमिनीची मालकी किंवा वही नसावी. त्यांनी गादीवर बसून निवडणूक लढवू नये. लढवायची असेल तर गादी सोडावी. त्यांचा निवाडा न मानणाऱ्याला दंड किंवा बहिष्कार होऊ नये. त्यांच्या बैठकीत बायकांना पुरुषांइतकेच बोलता यावे. आणि त्यांना बदलण्याचा अधिकार त्यांना मानणाऱ्या माणसांकडे असावा. अकानांचे वडीलधारे तो वापरतात, वालोयींच्या सभेने तो वापरला, मग गोंडांच्या सभेलाही तो असायला हवा. या अटींत बसणारी गादी लोकशाहीला धोका नाही. ज्या समाजाची भाषा शाळेत शिकवली जात नाही, ज्याचा इतिहास पाठ्यपुस्तकात दोन ओळींत आटोपला जातो, त्याला एकत्र बोलावणारे असे दुसरे काही उरलेले नसते. मारलवाईचे कनका राजू यांना २०२१ची पद्मश्री मिळाली ती गुसाडी नृत्यासाठी. २०२४ मध्ये ते गेले. त्यांनी शिकवलेली मुले आज दिवाळीतल्या दंडारी उत्सवात नाचतात, कारण गावच्या पटेलाने आणि देवारीने दंडारी भरवायचे ठरवले. सरकारच्या सांस्कृतिक खात्याला हे ठरवता येत नाही.

आणि आपण, या पट्ट्यातले मराठी लोक? आपल्यावरही एक जबाबदारी आहे. गोंडांची गादी चांद्याहून आपल्याच पूर्वजांनी हलवली आणि त्यांची काळी जमीन आपल्यापैकी पुष्कळांच्या नावे लागली. याची भरपाई राजाला बग्गीत बसवून होणार नाही. नागोबाच्या दरबारात दिलेल्या अर्जांचे पुढच्या जत्रेपर्यंत काय झाले ते गावागावांत वाचून दाखवण्याची मागणी आपण त्यांच्याबरोबरीने करू शकतो. वनहक्काच्या प्रलंबित दाव्यांत साक्षीदार म्हणून, शेजारी म्हणून उभे राहू शकतो. तामसीच्या, आदिलाबादच्या मराठी घरांतल्या मुलांना शेजारच्या मुलांची गोंडी दोन वाक्ये तरी बोलता यावी एवढे तर सहज करू शकतो. सेतुमाधवराव पगडींनी ते ऐंशी वर्षांपूर्वी केले होते. दिवाळीत, दंडारीच्या दिवसांत, एखाद्या गोंड गावच्या पटेलाला भेटायला जावे आणि तिथे बायका बैठकीत बसतात का, आणि गावाचा वनहक्काचा दावा कुठवर आला आहे, हे दोन प्रश्न विचारावेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर गोंडांनी द्यायचे आहे, दुसऱ्याचे आपण सगळ्यांनी.